कुणी कुणासाठी जीभ वळवायची

बोरिवली पश्चिमेच्या धक्क्यावरून गोराईची लाँच सुटते. समोर कांदळवनाची काळपट हिरवी रेघ, तिच्या वर विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी कळस, आणि पाठीमागे तुम्ही सोडून आलेलं शहर. खाडी लहान आहे, थोड्या वेळात पलीकडे पोचाल. पण आज तुम्हाला ती अनेकदा ओलांडायची आहे, दर खेपेला वेगळ्या सालात. सामान काही घेऊ नका. फक्त दोन वाक्यं लक्षात ठेवा: ‘मला पाणी दे, डोळ्यात वाळू गेली. आम्ही घरी जातो.’ काही मुक्कामांवर हीच वाक्यं गोराईच्या माणसाच्या तोंडून ऐकायची, आणि ती कशी बदलत गेली ते पाहायचं. बोली प्रमाणभाषेकडे सरकते म्हणजे नेमकं काय होतं, हे पुस्तकात वाचून पुरतं कळत नाही. ते कानाने ऐकावं लागतं.

१६५० च्या सुमाराला

तुमच्या पायांखाली आता लाकडी होडी आहे. गोराईसकट साऱ्या साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल आहे. गुजरातच्या बहादुरशहाने १५३४ साली वसई त्यांच्या हवाली केली, त्याला शतक उलटून गेलं. बेटावर मिठागरं, भातखाचरं आणि ताडामाडांच्या वाड्या आहेत. वस्तीतल्या बऱ्याच घरांनी ख्रिस्ती धर्म घेतला आहे. मुलांची नावं बदलली, सण बदलले, लग्न लावणारा बदलला. बोलणं मात्र तेच राहिलं.

समुद्राकडून वारा येतो. एक मुलगी डोळा चोळत आईकडे धावते. उत्तर कोकणच्या बोलींची आज ठाऊक असलेली वळणं मागे नेली, तर ती असं म्हणेल: ‘मना पानी दे, डोल्यान वालू गेली.’ आणि आई म्हणेल, ‘आमी घरा जाताव.’

नीट ऐका. यात एकही चूक नाही. इथे ‘ण’ नाही, त्याच्या जागी सगळीकडे ‘न’ आहे. ‘ळ’ नाही, सगळीकडे ‘ल’ आहे. दोन स्वरांच्या मधल्या ‘ड’चा ‘र’ होतो, म्हणून घोडा इथे ‘घोरा’ आणि गाडी ‘गारी’. ‘मला’च्या जागी ‘मना’. ‘आत’ सांगायला ‘न’ हा प्रत्यय. ‘आम्ही’बरोबर क्रियापदाला ‘आव’. कोळी, आगरी, भंडारी आणि ख्रिस्ती झालेली घरं यांच्यात जातीगणिक आणि गावागणिक थोडाफार फरक असेल, पण प्रत्येकाच्या बोलण्याला स्वतःचे पक्के नियम आहेत. ते नियम मूल आईच्या मांडीवर शिकतं आणि कधी चुकत नाही.

आता दुसऱ्या बाजूला पाहा. एक गोरा पाद्री म्हाताऱ्या शेतकऱ्यासमोर बसला आहे. म्हातारा एक शब्द उच्चारतो, पाद्री तो पुन्हा म्हणतो, चुकतो, पुन्हा म्हणतो, आणि कागदावर रोमन अक्षरांत टिपून घेतो. हे दृश्य मी कल्पनेने उभं केलं आहे, त्यामागची गोष्ट मात्र खरी आहे. सतराव्या शतकात एका पोर्तुगीज मिशनऱ्याने या पट्ट्यातल्या बोलीचं व्याकरण लिहिलं. तो तिला उत्तरेकडची कोकणी म्हणतो. पुढे कुन्हा रिवारा यांनी ते हस्तलिखित १८५८ साली गोव्यात छापलं. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याने ख्रिस्ताच्या दुःखसहनावर याच बाजूच्या बोलीत पुराण रचलं, ते १६५९ साली लिस्बनला छापलं गेलं. साष्टी आणि वसईतली कुटुंबं ते पिढ्यान्‌पिढ्या गात राहिली, म्हणून एकोणिसाव्या शतकात ते मुंबईत पुन्हा छापावं लागलं.

शब्द टिपून घेणाऱ्या त्या पाद्र्याचा हेतू धर्मप्रसाराचा आहे आणि त्याच्या पाठीशी राज्यसत्ता आहे, हे विसरायचं कारण नाही. तरीही इथे जीभ कोण वळवतंय ते ध्यानात ठेवा. ज्याच्या हातात सत्ता आहे तो वळवतोय. ‘पानी’ असं म्हणायला तो शिकतोय. पुढच्या चार शतकांत हे दृश्य तुम्हाला क्वचितच दिसेल.

१७४०

चिमाजी अप्पांच्या फौजांनी १७३९ साली वसई घेतली. त्याच मोहिमेत, ज्यावर गोराई आहे त्या धारावी बेटावरचा किल्लाही पडला. आता गोराईच्या खळ्यावर कारकून बसला आहे. मांडीवर दौत, बोरू हातात, समोर दप्तर. शेतकरी उभ्याउभ्या सांगतो, ‘यंदा पाऊस परला नाय. भात झाला नाय.’ कारकून मोडीत लिहितो की पाऊस पडला नाही, भात पिकलें नाही.

दोघांना एकमेकांचं सगळं कळलं. शेतकऱ्याला कुणी टोकलं नाही, हसलंही नाही. तरी काहीतरी घडलं आहे. त्याने उच्चारलेलं वाक्य आणि दप्तरात गेलेलं वाक्य ही आता दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि उद्या सूट मिळायची की नाही ते दप्तरातल्या वाक्यावर ठरणार आहे. घाटावरची मराठी या गावात सरकारची भाषा म्हणून पहिल्यांदा आली ती अशी. मराठ्यांचा इथला अंमल पस्तीस वर्षांचा. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी साष्टी घेतली. पण लिहायची मराठी एक आणि बोलायची एक, ही फट तशीच राहिली.

१८३६, मुंबईत

या खेपेला खाडी नको. शहरात एक पुस्तक छापून तयार झालं आहे: दादोबा पांडुरंगांचं महाराष्ट्र भाषेचं व्याकरण. पाच वर्षांपूर्वी, १८३१ साली, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. कंपनी सरकारला शाळा काढायच्या आहेत, शाळांना क्रमिक पुस्तकं हवीत, पुस्तकांना एकच ठरलेली भाषा हवी. इतक्या बोलींतून एक निवडायची झाली तेव्हा मान मिळाला पुण्याच्या शिकलेल्या वर्गाच्या बोलण्याला. पेशव्यांची राजधानी तिथे होती, शास्त्री-पंडित तिथले होते, दप्तराची भाषा तिथल्या वळणाची होती.

पुण्याच्या बोलण्यात ‘ण’ आणि ‘ळ’ आहेत म्हणून ते गोराईच्या बोलण्याहून जास्त नियमबद्ध ठरत नाही. राजधानी गोराईला असती तर पाठ्यपुस्तकात ‘पानी’ असतं आणि पुण्याच्या मुलांनी मार खाऊन ते घोकलं असतं. प्रमाणभाषा लागते, तिच्यावाचून राज्य, वर्तमानपत्र, न्यायालय, विज्ञान चालत नाही. मी हे पानही तिच्यातच लिहितो आहे. पण ती एका ठिकाणची बोली होती आणि इतिहासाने तिला हे काम दिलं, एवढं मनाशी स्वच्छ असलं की पुढच्या मुक्कामांवर जे दिसेल त्याचा अर्थ लागतो.

१८६७

१२ एप्रिलला विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. खाडीपलीकडे बोरिवलीला तिचा थांबा आहे. गोराईला मात्र रूळ नाहीत, पूल नाही. ही गोष्ट पुढची शंभर-दीडशे वर्षं या बेटाची बोली राखणार आहे. वांद्रे, सांताक्रूझ, अंधेरीची गावठाणं शहराच्या पोटात जातील तेव्हाही गोराई, कुळवे, मनोरी ही गावं पाण्यापलीकडे राहतील.

होडीत तुमच्याशेजारी लुगरं नेसलेली एक बाई बसली आहे, पायाशी सुक्या मासळीची पाटी. शहराच्या बाजारात तिच्या मागे मागे जा. गिऱ्हाईक बामणीण असेल तर ही बाई शब्द थोडे सावकाश उच्चारते, ‘मना’ गिळून ‘मला’ म्हणते. गुजराती शेठाणी आली की तिच्या बोलण्यात दोन गुजराती शब्द येतात. संध्याकाळी परतीच्या होडीत बसली की पहिला शब्द पुन्हा ‘मना’.

बोली सरकते ती इथून. समोरच्याकडे आपल्याला हवं असलेलं काही असतं: गिऱ्हाइकाकडे पैसे, कारकुनाकडे सूट, मास्तरांकडे पास होणं. मग माणूस आपण होऊन त्याच्या बाजूला एक पाऊल टाकतो. यात लाचारी नाही, सौजन्य आहे आणि व्यवहार आहे. दिवसाला शंभर माणसं असं एकेक पाऊल टाकतात आणि घरी परततात. पण कधीतरी एखादी आई विचार करते की आपल्याला बाजारात करावी लागते ती कसरत लेकीला पडू नये. ती घरातच ‘मला’ म्हणू लागते. त्या दिवसापासून परतीची होडी रिकामी यायला लागते.

१८८७

व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव. २६ मे रोजी मुंबईत ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन होते. साष्टी, वसई, मुंबईचे हे मराठी बोलणारे ख्रिस्ती. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेले ख्रिस्तीही नोकऱ्या मागताहेत, त्यांच्यापासून आपण वेगळे, इथले मूळचे, हे इंग्रज सरकारला कळावं म्हणून हे नाव घेतलं जातं.

वांद्र्याच्या एखाद्या ओसरीवर थांबा. रेल्वेत आणि गोदीत कारकुनी मिळवायची तर इंग्रजी हवी. पाद्र्यांच्या शाळांतून ती मिळते. इथे वाट दुभंगते. एका वाटेवरची बोली पिढ्यापिढ्यांनी प्रमाण मराठीकडे सरकते, एकेक ध्वनी, एकेक प्रत्यय सोडत. दुसऱ्या वाटेवर घर मराठीतूनच बाहेर पडतं, आणि त्याला एक-दोन पिढ्या पुरतात. शहरातल्या गावठाणांनी बहुतेक दुसरी वाट धरली. गोराई आणि शेजारच्या उत्तनने बराच काळ पहिली. दोन्ही वाटांनी जाणाऱ्यांना आपल्या मुलांचं भलं हवं होतं. म्हणून कुणाकडे बोट दाखवू नका.

१९०५

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड बाहेर पडला आहे. संपूर्ण खंड मराठीचा, सिद्ध केला स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडिताने. नमुने गोळा करायची पद्धत साधी आणि पक्की. प्रत्येक जिल्ह्यातून एकच गोष्ट मागवायची, बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला, आणि ती गावच्या माणसाने आपल्या घरच्या बोलीत सांगायची. एकच गोष्ट असल्याने फरक लख्ख दिसतात.

खंड उघडा. ‘कोकण स्टँडर्ड’ या मथळ्याखाली कोळी, आगरी, भंडारी, कुणबी, परभी, ठाकरी या बोली ओळीने उभ्या आहेत आणि त्यांच्यात ‘किरिस्ताव’ ही साष्टी-ठाण्याच्या ख्रिस्ती लोकांची बोलीही आहे. तुमच्या वाक्यातली मुलगी या पानांवर आहे असं समजा. तिच्या बोलण्याला ग्रंथात जागा मिळाली. कुणीतरी ‘तुम्ही घरी कसं बोलता ते सांगा’ असं म्हणालं, आणि जे ऐकलं ते न सुधारता उतरवून घेतलं. पाद्र्याच्या व्याकरणानंतरची ही दुसरी वेळ. दोन्ही वेळा ऐकणारा बाहेरचा होता, हे मराठी वाचकाला लागलं पाहिजे.

१९६० चं दशक

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. मराठी राज्यभाषा होणार म्हणून खाडीच्या दोन्ही तीरांवर अभिमान आहे आणि तो खरा आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासन मान्य करतं. १९६७ च्या जानेवारीत पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन होतं, आणि लवकरच राज्यभराची मुलं ‘बालभारती’ची तीच पानं वाचू लागतात.

गोराईच्या बाकावर बसा. मास्तर फळ्यावर दोन रेषा काढून त्यांच्यामधल्या जागेकडे खडू दाखवतात. मुलगा उभा राहतो आणि मोठ्याने म्हणतो, ‘कोण’. वर्ग हसतो. मास्तर म्हणतात, ‘कोन. न नळातला.’ मुलगा गोंधळून खाली बसतो. घरी ‘कोन आला?’ म्हटलं की चूक, म्हणून त्याने ‘कोण’ शिकून घेतला, आणि आता तोच चूक निघाला.

हे नीट समजून घ्या, कारण सगळ्या गोष्टीचं वर्म इथे आहे. दोन ध्वनी एकत्र होतात तेव्हा ते एका नियमाने होतात: प्रत्येक ‘ण’चा ‘न’ करा, संपलं. पण एकदा एकत्र झालेले ध्वनी पुन्हा वेगळे करायचे तर नियम उपयोगी पडत नाही. एकत्र सांडलेले तांदूळ आणि मूग दाणा दाणा पाहून निवडावे लागतात, तसा एकेक शब्द स्वतंत्रपणे पाठ करावा लागतो. काल आणि काळ, वेल आणि वेळ, मन आणि मण, कोन आणि कोण. पुण्याच्या मुलाला हे आईच्या दुधाबरोबर मिळालं. गोराईचं मूल तेच काम हजारभर शब्दांसाठी डोकं लढवून करतं आणि वर ‘अशुद्ध’ हा शेरा घेतं. त्या मुलाने ‘कोन’ला ‘कोण’ म्हटलं त्यात त्याची मेहनत दिसते. ती पाहणारं कुणी वर्गात नव्हतं.

असंच दूर स्पेनच्या दक्षिणेला, अंदालुसियात, घडत आलं आहे. तिथल्या बोलींत ‘कासा’ म्हणजे घर आणि ‘काथा’ म्हणजे शिकार यांचे उच्चार पुष्कळ ठिकाणी शतकांपूर्वी एक झाले. माद्रिदकडच्या प्रमाण उच्चारात ते वेगळे राहिले. गेल्या अर्धशतकात मालागा आणि ग्रानादा या शहरांतल्या शिकलेल्या तरुणांनी ते पुन्हा वेगळे उच्चारायला सुरुवात केल्याचं भाषाभ्यासकांनी नोंदवलं आहे. राजसत्ता, शाळा, नोकरी आणि पडद्यावरचा आवाज जिथे एका शहराच्या बाजूने उभे राहतात, तिथे दाणे निवडायचं काम नेहमी दुसऱ्या बाजूच्या वाट्याला येतं.

आता गावातल्या चर्चमध्ये चला. ते तीन राजांच्या नावाचं आहे. कालपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत होती. ती कुणालाच कळत नव्हती आणि ती कुणाचीच स्पर्धक नव्हती. लोक तिथे लॅटिन ऐकायचे आणि घरी येऊन आपल्या बोलीत प्रार्थना म्हणायचे. १९६३ च्या डिसेंबरात व्हॅटिकनच्या परिषदेने लोकभाषांना उपासनेत जागा दिली. काही काळात वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागते. बाकावरची म्हातारी रडते, देव आपल्या भाषेत बोलला म्हणून. मग ती नीट ऐकते. देवाच्या तोंडी ‘पाणी’ आहे, ‘आहे’ आहे, ‘नाही’ आहे. तिच्या घरचं ‘पानी’, ‘हाय’, ‘नाय’ तिथे नाही. मातृभाषेचा हा विजय होता, तो साजरा करण्यासारखाच होता. त्याच विजयाने तिच्या बोलीची शेवटची राखीव जागाही प्रमाण मराठीच्या हाती दिली.

त्या दिवशी समुद्रावर एक मुलगी डोळा चोळत येते. ‘मला पानी दे,’ ती म्हणते, ‘डोल्यात वाळू गेली.’ ‘मना’ गेलं. ‘डोल्यान’चा ‘डोल्यात’ झाला. ‘वालू’ची ‘वाळू’ झाली, ‘डोळा’ अजून व्हायचा आहे. वाक्य अर्ध्या वाटेवर उभं आहे.

१९८९

मुंबई दूरदर्शन सुरू होऊन सतरा वर्षं झाली. संध्याकाळी बेटावरच्या घरांत बातम्यांची मराठी येते, स्वच्छ, ठाम, कुणाच्याच घरची नसलेली. यंदा जवळच एस्सेलवर्ल्ड उघडलं आहे. लाँच सुटीच्या दिवशी तुडुंब भरतात. तांडेल ओरडतो ते हिंदीत. बीचवरच्या बंगल्यांत कामाला जाणाऱ्या बाया हिंदी बोलतात, मुलं इंग्रजी शाळेत जायला खाडी ओलांडतात. आता गोराईच्या बोलीसमोर एकटी पुण्याची मराठी उभी नाही. तिच्यामागे हिंदी आहे आणि हिंदीमागे इंग्रजी. मुलाला दिवसभरात चार दिशांना जीभ वळवावी लागते, तेव्हा घरच्या बोलीसाठी त्याच्याजवळ उरतं ते फक्त आजीबरोबरचं बोलणं.

आज

२००९ साली पॅगोडा उघडला. बेटावर आता भाईंदर-उत्तनकडूनही गाड्या येतात. गावठाणातल्या एका घरात जाऊन बसा. आजी, सून, नात.

आजी म्हणते, ‘आमी जाताव आगेऱ्याला.’ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये न्यायच्या. सून आजीशी ‘जाताव’ म्हणते, मुलीशी ‘आम्ही जातो’, फोनवर ‘हम जा रहे हैं’. नात सगळं ऐकते, आजीचं जवळपास सगळं तिला कळतं, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते.

आता या घरात बोलीतलं काय टिकलं ते मोजा. स्वयंपाकातला बाटली मसाला टिकला. तळणीतले फुगे टिकले. लग्नाआधीचा ‘उंबराचं पानी’ हा विधी टिकला. लुगरं सणाला निघतं. नातीला हे सगळे शब्द ठाऊक आहेत, ती ते अभिमानाने सांगते, त्यांचे फोटो काढते. आणि काय गेलं? ‘मना’ गेलं, ‘जाताव’ गेलं, ‘डोल्यान’मधला तो ‘न’ गेला. वस्तूंची नावं उरतात, कारण वस्तू दाखवता येते. प्रत्यय दाखवता येत नाही. पण बोली राहते ती प्रत्ययात, सर्वनामात, क्रियापदाच्या शेपटात, दर वाक्याला लागणाऱ्या त्या बारीक जोडांत. महोत्सवात बाटली मसाला विकला जातो म्हणून बोली जगली असं मानू नका. नात रागावली, रडली, तहानली तेव्हा कुठला शब्द आधी बाहेर आला, हे पाहा.

कोळीगीतांनी आणि आगरी गाण्यांनी या बोलींचा नाद महाराष्ट्रभर पोचवला आहे. लग्नांत ‘जाताव’ ऐकून सगळे नाचतात. हे मोलाचं आहे. पण ज्या बोलीला फक्त नाचायची आणि हसवायची परवानगी असते, तिच्यात गंभीर गोष्ट बोलायची सवय मोडते. वसईत सामवेदी बोलीत लिहिणारी माणसं आहेत, त्यांनी हे ओळखलं. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं नवं सर्वेक्षण हाती घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतून आवाज ध्वनिमुद्रित केले आहेत. ग्रियर्सनला कागदावर जे धरता आलं नाही ते, म्हणजे सूर आणि हेल, आता जपता येतात. आणि या खेपेला ऐकणारे मराठी आहेत.

२०६०

शेवटची खेप पुढची. तिथे काय असेल ते मी ठरवू शकत नाही, तुम्ही ठरवणार आहात. खाडीवर कदाचित पूल असेल. मुलगी डोळा चोळत येईल आणि काहीतरी म्हणेल. तिने ‘मला पाणी दे, डोळ्यात वाळू गेली’ म्हटलं तर त्यात दुःख करण्याजोगं काही नाही, ती चांगली मराठी आहे. माझं मागणं एवढंच की ‘मना पानी दे’ असंही तिला म्हणता यावं आणि ते म्हटल्यावर कुणी हसू नये.

ते होण्यासारखं आहे. प्रमाणभाषेकडचा हा प्रवास गुरुत्वाकर्षणासारखा निसर्गनियम असता तर हात टेकावे लागले असते. पण तुम्ही चार शतकं फिरून आलात आणि प्रत्येक मुक्कामी एकच गोष्ट पाहिलीत: ज्याला काही हवं असतं तो जीभ वळवतो, आणि ज्याच्याकडे ते असतं तो बसून राहतो. हे माणसांनी ठरवलेलं आहे, म्हणून माणसांना बदलता येतं. सतराव्या शतकातला एक परका पाद्री ‘पानी’ म्हणायला शिकू शकला, तर बोरिवलीहून येणारे मास्तर शिकू शकतात. दवाखान्यातली डॉक्टरीण ‘कुठं दुखतं?’ विचारून म्हातारीच्या ‘नाय’ आणि ‘हाय’ला त्याच आदराने उत्तर देऊ शकते. वेदीवरून वर्षातून काही दिवस तरी गावच्या बोलीत वाचन होऊ शकतं. पहिलीचं मूल पहिली गोष्ट घरच्या बोलीत सांगू शकतं, आणि शिक्षक त्यावर तांबडी शाई न चालवता म्हणू शकतात, ‘हे तुझ्या घरचं, आता पुस्तकातलं शिकू.’ दोन मराठी येणारं मूल एकच येणाऱ्या मुलाच्या मागे पडत नाही, त्याच्यापाशी एक जास्तच असते.

आणि तुम्ही, ज्यांची घरची बोली गोराईची नसेल, वऱ्हाडी असेल, अहिराणी असेल, मालवणी असेल, तुम्हीही कधीतरी एका बाकावर उभं राहून शब्द बदलला आहे. घरी आजी असेल तर उद्या तिच्यासमोर बसा. फोनमध्ये तिचं बोलणं टिपा, पण तेवढ्यावर थांबू नका. तिच्या वाक्याला तिच्याच वळणाने उत्तर द्या, चुकलात तर तिला दुरुस्त करू द्या. शाळेने, सरकारने आणि बाजाराने तिच्याकडून आयुष्यभर जीभ वळवून घेतली. आता एकदा आपली पाळी आहे.